छातीतून अकरा, पोटातून नऊ

१३ जानेवारी, सोमवार. धुळे

कामाचा पहिला दिवस. टेबल मिळालं, खुर्ची उद्या मिळणार आहे. आज तपासणीच्या खोलीतलं स्टूल आणून बसले.

डॉ. हितेंद्र सर लहान मुलांचे सर्जन. आवाज हळू, पायात नेहमी रबरी चपला. त्यांनी मला एका कागदाच्या मागच्या बाजूवर चित्र काढून सगळं समजावलं. छाती आणि पोट यांच्यामध्ये एक पडदा असतो. काही मुलं त्या पडद्याला भोक असलेलीच जन्माला येतात. मग पोटातली आतडी त्या भोकातून वर छातीत शिरतात आणि फुप्फुसाला जागा उरत नाही. आतडी जागेवर आणायची आणि भोक शिवायचं, असं ते ऑपरेशन. सर ते दुर्बिणीतून करतात, म्हणजे मोठी चीर नाही, तीन बारीक भोकं पाडायची. सुरुवातीची काही वर्षं ते पोटाकडून जायचे आणि आतडी खाली ओढून घ्यायचे. नंतर छातीकडून, बरगड्यांमधून जायला लागले, आतडी वरून खाली ढकलायची. कोणती वाट बरी, हे या अभ्यासात बघायचं आहे.

छातीतून केलेली अकरा मुलं, पोटातून केलेली नऊ. वीसपैकी तिघं तपासणीला यायची बंद झाली आहेत, फोन लागत नाहीत. त्यांना शोधायचं, घरी जायचं, फॉर्म भरायचा, हे माझं पहिलं काम. एमएसडब्ल्यू करून दोन वर्षं घरी बसले होते, त्यामुळे मीच म्हणाले, कुठंही पाठवा.

मी विचारलं, शिवलेलं पुन्हा उसवलं तर?

सर म्हणाले, "तेच तर मोजायचंय."

१६ जानेवारी, गुरुवार

फॉर्म पाठ झाला. उलटी होते का (आठवड्यातून दोनदा किंवा जास्त). धाप लागते का. वजन. खाणं. खोकला. वारंवार ताप. व्रण. शेवटी एक्स-रे. आठ प्रश्न, वजन किलोत, बाकी उत्तर हो किंवा नाही. शेजारी एक बारीक रकाना 'शेरा' म्हणून आहे, त्यात दोन शब्द मावतात.

भुआकडे, म्हणजे आत्याकडे, राहायला आले आहे. तिच्या घरी जैन पद्धतीनं सूर्यास्ताआधी जेवण, ते मला सोयीचं. जळगावहून पप्पांचा फोन आला होता. दुकान बंद करताकरता करतात, मागं स्टीलचे डबे एकात एक घातल्याचा आवाज येत असतो. म्हणाले, "उन्हाळ्यापर्यंत कर हौसेनं. मग बघू." काय बघायचं ते आम्हा दोघांनाही माहीत आहे.

मला हे काम नीट करायचं आहे. कुणी म्हणू नये की मुलीला घराबाहेरचं जमलं नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

पहूरला जाऊन आले. पहिलं मूल सापडलं. पत्ता चुकीचा होता, आडनाव बरोबर होतं, चार घरं फिरून पोचले. सहा वर्षांचा मुलगा, पोटातून ऑपरेशन झालेला. त्यानं स्वतःच सदरा वर करून तीन ठिपके दाखवले. उलटी नाही, धाप नाही, वजन चांगलं. फोनचा नंबर बदलला होता, एवढंच कारण. आईनं डझनभर केळी पिशवीत घातली. एक्स-रे जामनेरला काढून पाठवते म्हणाली आणि संध्याकाळी खरंच फोनवर पाठवला. सरांनी बघून 'उत्तम' म्हटलं.

मला वाटत होतं त्याहून सोपं आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दीपनगर. औष्णिक केंद्राच्या वसाहतीत. खिडकीच्या गजांवर राखेचा थर, बोट फिरवलं तर करडं होतं. मुलीचे वडील ज्ञानेश्वर केंद्रात कंत्राटी कामावर आहेत. मी हॉस्पिटलचं नाव घेतलं तसा त्यांचा चेहरा बदलला.

"आता आठवण आली का?"

मी म्हटलं, मी नवीन आहे, फक्त फॉर्म भरायला आले आहे.

"मग लिहा. वर्षभरात शिवलेलं उसवलं. पोर निळी पडली. मोठ्या शहरात नेऊन पुन्हा ऑपरेशन केलं. तुमच्या सरांना सांगा, जिवंत आहे."

मुलगी आतल्या खोलीत टीव्ही बघत होती. हिचं ऑपरेशनही पोटातूनच. मी 'शेरा'मध्ये 'पुन्हा शस्त्रक्रिया, इतरत्र' लिहिलं. पाणीसुद्धा मिळालं नाही, आणि मागायची हिंमत झाली नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

सरांना दीपनगरचं सांगितलं. त्यांनी फॉर्म हातात घेऊन वाचला. मग म्हणाले, "हिचं पोटातून ना?"

"हो."

"परदेशातले लोक म्हणतात, छातीतून केलं की जास्त उसवतं. आपल्या मुलांत तसं दिसत नाही." मग त्यांनी शिपायाला दोन चहा सांगितले. एक माझ्यासाठी. महिन्याभरात पहिल्यांदाच. मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल. वाटलंही असेल, पण ते कामाच्या माणसासारखं वागतात, हे मला शिकायला हवं.

आता एकच मूल राहिलं. पिंपळनेरचं. छातीतून.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आजचा दिवस छान गेला. सविस्तर लिहिते.

सकाळी साडेसहाची बस. साक्रीपर्यंत उभी होते, मग जागा मिळाली. पिंपळनेरला तीन दुकानांत विचारल्यावर एका खतवाल्यानं घर सांगितलं. गावाच्या पुढं मळ्यातच राहतात. रिक्षावाल्यानं बांधापाशी सोडलं. दोन्ही बाजूंना कांदा, पात वरून पिवळी पडायला लागलेली.

रजिस्टरमध्ये मुलीचं नाव धनश्री आहे, घरी सगळे धनाई म्हणतात. आजीनं, झुंबरबाईंनी, देवीच्या नावावरून ठेवलं. साडेतीन वर्षांची. चौदा महिन्यांची असताना ऑपरेशन झालं. वडील नीलेश पिकअप घेऊन बाजाराला गेले होते. आई सारिका, माझ्याहून एखाद्या वर्षानं मोठी असेल. तिनं खाट टाकली, गोणपाट अंथरलं, वर चादर.

मी विचारलं, ऑपरेशननंतर दोनदाच आलात, मग का आला नाहीत?

सारिका म्हणाली, "पोर चांगली व्हती. मंग कसाले येवानं?"

फॉर्म काढला. उलटी होते का? "आठवडामा एखादी. जास्ती खाई तं." फॉर्ममध्ये दोनदा किंवा जास्त म्हटलंय, म्हणून 'नाही' लिहिलं. धाप लागते का? "पळनी का लागस." पळाल्यावर कुणालाही लागते, म्हणून 'नाही'. वजन साडेदहा किलो भरलं. बारीक आहे, पण आईही बारीक आहे. खाणं कसं? आजी म्हणाली, "चिमणीसारखं. दोन घास खास आणि ऊठस." लहान मुलं करतातच.

धनाई आधी आजीच्या पदराआड होती. मग तिला माझं पेन हवं झालं. मी तिला रिकाम्या फॉर्मच्या मागे घर काढून दिलं. तिनं त्याला पाय काढले.

झुंबरबाई गमतीशीर आहेत. म्हणाल्या, "ही दुपारी मन्हा कुशीमा जपस. मी पाठले कान लावस तं गुडगुड, गुडगुड. उंदीर शे तठे." धनाई हसायला लागली. पाठीत उंदीर आहे हे तिला आवडतं. "ऐका, तुमी बी ऐका," म्हणून आजीनं तिला माझ्या मांडीवर पालथं झोपवलं. मी डाव्या बाजूला कान लावला. खरंच, तांब्यातून पाणी ओतल्यासारखा आवाज. आम्ही चौघीही हसलो. फॉर्ममध्ये याला जागा नाही, आणि 'शेरा'मध्ये 'उंदीर' काय लिहिणार, म्हणून इथं लिहून ठेवते.

शेवटी एक्स-रे. पिंपळनेरला जिथं काढतात तिथं आज कुलूप होतं, मालकाच्या घरी लग्न. सारिका म्हणाली, "मंग धुळे लई येऊ का उद्या? फोटो काढी लिसूत."

उद्याच पोरीला धुळ्याला घेऊन यायला ती तयार होती. मी शेताकडं बघितलं. तिघंच माणसं घरात, आणि एवढा कांदा. म्हटलं, "तशी घाई नाही. कांदा निघाला की या." तिला हायसं वाटलेलं दिसलं. मलाही बरं वाटलं. हॉस्पिटलचे लोक घरच्यांची अडचण समजून घेत नाहीत, असं वर्गात आम्हाला नेहमी शिकवायचे.

सारिकाला माझा नंबर दिला. निघताना तिनं कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा बांधून दिला. मी ठेच्यात लसूण आहे का ते विचारलं नाही. बसमध्ये खाल्ला. होता.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सरांनी धनश्रीचा फॉर्म पाहिला. "एक्स-रे?"

सांगितलं.

ते म्हणाले, "लक्षणं नाहीत ना? मग क्लिनिकली ठीक लिही. आल्यावर काढू."

लिहिलं. वीसच्या वीस मुलं पूर्ण. सर म्हणाले, "वीसपैकी वीस इथं कुणाला मिळत नाहीत, विधी." मी घरी फोन करून पप्पांना ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

१० मार्च, सोमवार

परिषदेसाठी सारांश पाठवला. पोटातून नऊ, उसवलं एक. छातीतून अकरा, उसवलं शून्य. खाली तिसऱ्या ओळीत माझं नाव. होळीला घरी जाणार. दादीला वाचता येत नाही, तरी छापून नेणार आहे. ती राजस्थानातून लग्न करून आली तेव्हा तिला स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं. आता 'राजकुंवर' एवढं येतं, तेही पप्पांनी शिकवलेलं.

२२ मार्च, शनिवार

सकाळी नऊला अनोळखी नंबर. सारिका.

"ताई, पोर उलट्या करस. हिरवी. कालदिस पासून."

मी विचारलं, धाप? ती म्हणाली, श्वास घेताना पोट नाही हालत, मान हालस. मला काही कळलं नाही, पण आवाज ऐकून म्हटलं, आत्ताच्या आत्ता निघा. सरांना फोन केला. हिरवी म्हटल्यावर त्यांनी पुढचं ऐकूनच घेतलं नाही, म्हणाले, "ऑपरेशन थिएटर तयार ठेवायला सांग."

दोन वाजता पोचले. नीलेशची पिकअप, मागं कांद्याच्या सालींवर चादर टाकून आजी बसलेली, पुढं सारिकाच्या मांडीवर धनाई. ओठ पांढरे. तिनं मला ओळखलं असं वाटलं. कदाचित नसेलही.

एक्स-रे निघाला. सर पडद्यासमोर उभे होते, मी त्यांच्या मागं. उजवी बाजू काळी, स्वच्छ. डाव्या छातीत वेटोळी. एकावर एक. सर कुणालातरी सांगत होते, बोट लावून, "हे आतडं. हे पण. शिवलेलं सुटलंय, आणि आत्ताचं नाही, बरेच महिने झालेत. आता पीळ बसलाय."

मी त्या डाव्या बाजूला कान लावला होता.

तीन वाजता आत नेलं. या वेळी दुर्बीण नाही. सर म्हणाले, आता वाट निवडायला वेळ नाही, पोट उघडतो.

साडेपाचला बाहेर आले. आतडं काळं पडलं होतं, बरंच कापावं लागलं. 'बघू' म्हणाले. पप्पांच्या तोंडून तोच शब्द वेगळा लागतो.

२३ मार्च, रविवार

धनाई सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी गेली.

२६ मार्च, बुधवार

लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण ते एक लिहायलाच हवं.

रविवारी कागदपत्रं होईपर्यंत सारिका जिन्याजवळच्या बाकावर बसली होती. रडत नव्हती. नीलेश खाली गाडीपाशी. आजी भिंतीला टेकून. मी पाणी घेऊन गेले. सारिकानं ग्लास घेतला, प्यायली नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "मी इचारं व्हतं तुमले."

मग पुन्हा, सावकाश:

"धुळे लई येऊ का, मी इचारं व्हतं."

एवढंच. आरोप केल्यासारखं नाही. पत्ता सांगावा तसं. मग ग्लास बाकाखाली ठेवला.

त्यांच्या कांद्याला अजून आठ दिवस होते.

२८ मार्च, शुक्रवार

सर म्हणाले, अभ्यासासाठी एक मार्चपर्यंतची माहिती धरायची, असं आधीच ठरलेलं आहे. तारीख बदलता येत नाही, नाहीतर कुणीही सोयीनं बदलेल. बरोबर असेल ते. एक मार्चला धनाई कागदावर ठीक होती. छातीतून अकरा, उसवलं शून्य.

मी 'हो सर' म्हटलं. मला बरं वाटलं की फॉर्म पुन्हा उघडायचा नाही. असं वाटलं ते लिहून ठेवते, कारण नंतर मी म्हणेन की वाटलं नव्हतं.

२ एप्रिल, बुधवार

जेवण जात नाही. भुआला वाटतं उपास चालू आहेत.

आज सरांना सांगितलं. केबिनमध्ये कुणी नव्हतं. उलटी आठवड्यातून एकदा होती. वजन साडेदहा होतं. आजीनं आवाजाचं सांगितलं, मी स्वतः ऐकला, लिहिला नाही. आई दुसऱ्या दिवशी यायला तयार होती, मी नको म्हटलं.

सर ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला.

"तू डॉक्टर नाहीस," ते म्हणाले. "फॉर्म मी बनवला. त्यात तो प्रश्न नव्हता."

"पण तुम्ही ऐकलं असतं तर?"

"तर एका सेकंदात कळलं असतं." मग म्हणाले, "वजन फॉर्मवर होतंच. साडेदहा. ते मी वाचलं होतं. वाचून सही केली."

मला वाटत होतं ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. बाहेर एक बाळ इंजेक्शनला रडत होतं.

शेवटी म्हणाले, "तारखेचं राहू दे. दुरुस्ती पाठव. एक मार्चच्या आधीच उसवलेलं होतं, फोटोत दिसतंय. मोजायला हवं."

१५ एप्रिल, मंगळवार

आकडे पुन्हा काढून आले. पोटातून नऊ, उसवलं एक. छातीतून अकरा, उसवलं एक, मृत्यू एक. निष्कर्षाची ओळ आता अशी आहे: दोन्ही पद्धतींत लक्षणीय फरक आढळला नाही.

मला वाटलं होतं, धनाईला मोजलं की काहीतरी दिसेल. निदान 'छातीतून करू नका' एवढं तरी. मी सरांना विचारलं, मग नक्की काय कळलं?

"वीस मुलांतून काही कळत नसतं. दोनशे हवीत. दोनशे इथं कधी होणार नाहीत."

"हे तुम्हाला आधी माहीत होतं?"

"हो."

मी पुढचं विचारलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून असं वाटलं की ते स्वतःलाही कधी विचारत नसावेत.

१९ एप्रिल, शनिवार

आज पुन्हा तशीच एक केस होती, आठ महिन्यांचा मुलगा. सरांनी पोटातून केलं. मी विचारलं, छातीतून का नाही? म्हणाले, "हात गेला नाही."

अभ्यासात हे कुठं लिहायचं मला माहीत नाही.

३० एप्रिल, बुधवार. जळगाव

अक्षय तृतीयेला घरी आले. मुलगा बघून झाला. श्रेयांस, बापाचं शहाद्याला दुकान. चांगला बोलला. त्यानं विचारलं, नोकरीत काय करता? मी म्हटलं, फॉर्म भरते. पप्पांनी लगेच सांगितलं, वीसपैकी वीस भरले. मी आत जाऊन सरबताचे ग्लास विसळत बसले.

दादी मागून आली. म्हणाली, बेटा, तू काही खात का नाहीस? मी तिला सांगितलं, एक मुलगी गेली. तिनं विचारलं, आपल्यातली? मी नाही म्हटलं. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली, पण तिला हायसं वाटलं होतं, ते हातातून कळत होतं.

होकार कळवायला मी आठ दिवस मागितले आहेत. नकाराला कारण नाही. कशालाच कारण नाही, त्यामुळे होईल.

५ मे, सोमवार. धुळे

माहिती बंद करण्याचा एक शेवटचा फॉर्म असतो. मूल वारलं असेल तर पालकांची सही लागते, नाहीतर ती नोंद ग्राह्य धरत नाहीत. सर म्हणाले, पोस्टानं पाठवू. मी म्हटलं, मी जाते. का म्हटलं ते नीट सांगता येत नाही. त्यांनी मला बोलावं, असं काहीतरी वाटत होतं. शिवी दिली तरी चालेल.

ऊन फार होतं. बांधापासून चालत गेले. शेत रिकामं, ढेकळं वर आलेली. कांदा सगळा चाळीत भरलेला, जाळीतून लाल दिसत होता. दाराशी लिंबाला गेल्या वर्षीच्या आखाजीचा, अक्षय तृतीयेचा, झोका तसाच होता, कुणी काढला नव्हता. सारिका सणाला माहेरी गेली असेल असं मला वाटलं होतं. गेली नव्हती.

झुंबरबाईंनी खाट टाकली. मी खाली बसले. त्यांनी माठातलं पाणी दिलं. मी फॉर्म काढला आणि कुठं सही करायची ते दाखवलं. मग वाटलं, हे आधी करायला नको होतं.

मी म्हटलं, "आजी, तुम्ही आवाजाचं सांगितलं होतं. मी लिहिलं नाही."

झुंबरबाई म्हणाल्या, "तुले काय ठाव, माय. माले तरी कोठे ठाव व्हतं. मी तं रोज ऐकू." मग त्या बराच वेळ मांडीवरचं लुगडं सारखं करत राहिल्या. सारखंच होतं ते.

सारिका उंबऱ्यात उभी होती. तिनं फॉर्म हातात घेतला. चार पानं. वरच्या ओळी तिनं वाचल्या, ओठ हलत होते. मुलीचं पूर्ण नाव, वय, गट: छातीतून. पान उलटून मागं काही आहे का ते बघितलं.

झुंबरबाईंनी विचारलं, "हाऊ कागद कसाले शे?"

"पुढं कुणाच्या लेकराला असं झालं, तर कोणत्या बाजूनं ऑपरेशन करायचं ते कळावं म्हणून."

"मंग कळनं का?"

मला खोटं बोलता आलं असतं. हो म्हटलं असतं तर त्या म्हातारीच्या हातात काहीतरी पडलं असतं. मी बसमध्ये हेच ठरवून आले होते की विचारलं तर हो म्हणायचं.

"नाही," मी म्हटलं. "दोन्ही सारखंच निघालं."

त्यांनी मान हलवली. आत नीलेश होता. तो बाहेर आला नाही, पण मघापासून चालू असलेला रेडिओ त्यानं बंद केला.

सारिकानं खाटेवर कागद ठेवून, वाकून सही केली. एकेक अक्षर सुटं. पेन बंद करून माझ्याकडं दिलं, मग कागद दिला.

"आजून काही सही ऱ्हायनी का?"

"नाही. एवढीच."

"मंग आते येवू नका, ताई."

आवाज चढला नव्हता. तिनं पाण्याचा तांब्या उचलला आणि आत गेली. मी 'बरं' म्हटलं, पण ते ऐकायला तिथं आजीच होती.